डावीकडचं मांजर

मिस्त्रींच्या डाव्या खांद्यावर त्या वर्षी कायम एखादा निळसर डाग असायचा. एक पुसट होत आला की त्याच्या शेजारी दुसरा उमटायचा. दाराची चौकट, कपाटाचं अर्धवट उघडं दार, गल्लीच्या तोंडाशी असलेला विजेचा खांब, जे लागायचं ते डावीकडून. मिस्त्रीणबाई कोमट तेल चोळता चोळता म्हणायच्या, "अहो, त्या चौकटीनं तुमचं काय वाकडं केलंय?"

"घर लहान आणि माणूस मोठा," मिस्त्री म्हणायचे. "लागणारच."

कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेण्यात मिस्त्रींचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांची नजर एका बाजूने, पाऊल न वाजवता, घराबाहेर पडत होती आणि त्याचा पत्ता घरात कुणालाच नव्हता, मिस्त्रींना तर सगळ्यांत कमी. समोरचं त्यांना लख्ख दिसायचं. चष्मा चढवला की पेपरातली सगळ्यांत बारीक जाहिरात वाचायचे, केसाएवढ्या तारेला नेमकं सोल्डर लावायचे. आणि रोज सकाळी साडेसातला सहा वर्षांच्या नातीला स्कूटरवर पुढे उभी करून, भर रहदारीतून शाळेत सोडायला जायचे.

मिस्त्री मूळचे टीव्ही दुरुस्त करणारे. चाळीस वर्षांपूर्वी एका माणसाने हातगाडीवर घालून एक उंच लाकडी खोकं त्यांच्या गाळ्यात आणून टाकलं. वर काच, काचेखाली लाल गोळ्याची एक काडी आणि एक बटण. "चालू करून ठेवा, परवा नेतो," म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. मिस्त्रींनी तिसऱ्या दिवशी मशीन चालू केलं. आठवडाभरात टीव्ही न्यायला आलेली माणसं टीव्ही विसरून त्या खोक्यापुढे रांग लावायला लागली. पुढे एकाची नऊ मशीन झाली, गाळ्यावर 'व्हिडिओ गेम' अशी पाटी चढली आणि टीव्हीचं काम मागे पडलं. तरी सगळ्यांत लाडकं राहिलं ते पहिलंच.

त्यातला खेळ अगदी साधा होता. वरून पाहिल्यासारखे दिसणारे बोळ, बोळांत दाणे, दाणे खात पळणारा एक उंदीर आणि त्याच्या मागावर चार मांजरं. लोक त्याला 'मांजरवाला' म्हणायचे. काळं मांजर सरळ पाठलाग करायचं. तांबडं पुढे जाऊन वाट अडवायचं. पांढरं भित्रं, जवळ येऊन उलटं फिरायचं. आणि करडं डावीकडच्या बोळात दबा धरून बसायचं, ते नेमकं उंदीर कोपऱ्यावर आला की बाहेर पडायचं. एक फेरी संपली की पुढची, आधीपेक्षा वेगवान. दया नाही, माया नाही. चुकलात की मेलात, पुन्हा पहिल्यापासून.

या मशीनपुढेच मिस्त्रींना बायको भेटली. ती तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, गणित घेतलेली. धाकट्या भावाला आणायच्या निमित्ताने यायची आणि भावाला बाजूला सारून स्वतः खेळायची. तिला खेळताना पाहून मिस्त्री चक्रावले. ते स्वतः खेळायचे नजरेने. चारी मांजरांवर एकदम लक्ष, जिकडे फट दिसेल तिकडे उंदीर. ही मात्र ओठ हलवत, मोजत खेळायची. पिशवीत आलेखाच्या वहीत तिने सगळे बोळ काढून ठेवले होते, बाणांसकट.

"तुम्ही पडद्याकडे बघतच नाही," मिस्त्री म्हणाले होते.

"बघायचं काय त्यात? सात घरं सरळ, डावीकडे वळायचं, दोन मोजून थांबायचं, मग खाली."

"आणि मधेच मांजर आलं म्हणजे?"

"येत नाही. मशीन आहे ते. तुम्ही कालच्यासारखं खेळलात की तेही कालच्यासारखंच खेळतं. त्याला मूड नसतो."

पुढे मुलीच्या वडिलांनी मुलगा करतो काय म्हणून चौकशी केली तेव्हा कुणीतरी "खेळतो" असं सांगितलं आणि लग्न सहा महिने लांबलं. तो किस्सा त्या घरात अजून निघायचा.

आता पाटी तीच होती, पण नऊपैकी तीनच मशीन चालू होती. सगळ्यांच्या खिशात गेम आल्यावर गाळ्यात कोण येणार? यायचे ते केस पिकलेले जुने गिऱ्हाईक, पोराबाळांना घेऊन. "हे बघ, आम्ही हे खेळायचो," म्हणून दाखवायचे. पोरं दोन मिनिटांत मरायची आणि विचारायची, "एवढंच?"

गंमत अशी की मिस्त्रींचा मुलगा गेमच्याच धंद्यात निघाला. तो एका मोठ्या कंपनीत नवे गेम बनवायच्या कामाला होता. नवरा-बायको दोघंही सकाळी लवकर कामावर निघायचे म्हणून नातीची शाळा आजोबांकडे. गेल्या वर्षी बापाच्या वाढदिवसाला त्याने कंपनीचा नवा गेम आणि तो खेळायचं यंत्र घरी आणून दिलं. हातात धरायच्या त्या दोन शिंगांच्या कंट्रोलरला मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी 'खेकडा' असं नाव ठेवलं. पण गेम पाहून मात्र गप्प झाले. पडकं शहर, धुकं, वाऱ्याने हलणारं गवत, भिंतीआडून अंगावर येणारे लांडगे. "पानाची सावलीसुद्धा हलते रे," ते हळूच म्हणाले. कारागिराने कारागिराला द्यावी तशी ती दाद होती.

त्यावरून रविवारी जेवताना बापलेकांची जुंपायची.

"सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय," मिस्त्री म्हणायचे. "पण तुमचा गेम म्हणजे लाडावलेल्या पाहुण्याला मुद्दाम जिंकू देणारा यजमान. मी परवा तीनदा मेलो, तर चौथ्यांदा लांडगेच कमी. मला काय कळत नाही?"

"मग बरंच आहे की. माझं कामच ते. माणूस दमतोय असं दिसलं की गेमनं गुपचूप थोडं सोपं व्हायचं. खेळणाऱ्याला कळता कामा नये, एवढीच अट."

"आमचं मशीन असलं काही करत नाही. खरं काय ते तोंडावर सांगतं."

"बाबा, तुमचं मशीन नाणी खायचं. लवकर मेलात की दुसरं नाणं. त्याला खरेपणा म्हणू नका."

"बरं, आम्ही लुटारू. पण लुटारूनं कधी खोटं सांगितलं नाही."

मिस्त्रीणबाईंना दोघांचंही पटायचं. वाढता वाढता त्या मिस्त्रींचा पाण्याचा पेला उचलून ताटाच्या उजव्या बाजूला ठेवायच्या. डावीकडे ठेवला की हमखास सांडायचा. कधीपासून सांडायला लागला हे त्यांना आठवत नव्हतं. घरात किती तरी गोष्टी आपण अशाच उजवीकडे सरकवत आलोय, हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. चपला, चष्म्याची डबी, स्कूटरची किल्ली.

उन्हाळ्याच्या तोंडावर 'मांजरवाला' बिघडला. म्हणजे, मिस्त्रींच्या मते बिघडला. ज्या नवव्या फेरीतून ते एका हातात चहाचा कप घेऊन बाहेर पडायचे, तिथे करडं मांजर त्यांना गाठायला लागलं. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग सातव्या फेरीतच.

"काडी सैल झालीय," मिस्त्री म्हणाले आणि काडी बदलली. मांजर आलंच. मग त्यांनी काडीखालच्या स्प्रिंगा बदलल्या. मग पडद्याची डावी कड मंद झालीय असा निष्कर्ष काढून, बंद पडलेल्या मशीनमधली जड काचेची पिक्चर ट्यूब काढून याला बसवली. तीन दिवस खपले. साठी ओलांडलेला माणूस गुडघ्यांवर बसून, दातात टॉर्च धरून, मशीनच्या पोटात शिरलेला. बाई वरच्या घरातून चहा घेऊन खाली आल्या की त्यांना फक्त दोन तळपाय दिसायचे.

"एवढं काय अडलंय त्याच्यावाचून?" बाई म्हणायच्या.

"चाळीस वर्षांत या मशीननं असं केलं नाही. कुठेतरी आत काहीतरी चाललंय."

हे त्यांचं बोलणं बाईंच्या मनात रुतून बसलं. कुठेतरी आत काहीतरी चाललंय.

त्याच आठवड्यात एके दिवशी नात शाळेतून परत आली ती गुडघा खरचटून. विचारलं तर म्हणाली, "आजी, सकाळी एक सायकलवाले काका पडले. आजोबांना दिसलेच नाहीत. मी म्हणत होते, आजोबा, सायकल, आजोबा, सायकल."

मिस्त्री आतल्या खोलीत हात धूत होते. "सायकलवाला कुठून उगवला देव जाणे," ते आतूनच म्हणाले. "रस्ता मोकळा होता. मी बघूनच वळलो."

"कुठल्या बाजूला वळलात?"

"शाळेकडे. डावीकडे. का?"

बाईंनी नातीच्या गुडघ्याला औषध लावलं. हात नेहमीसारखाच चालत होता, पण मनात त्या मोजायला लागल्या होत्या. चौकट, खांब, पेला, सायकल. सगळं एका बाजूचं.

दुपारी गाळा बंद असताना त्या खाली उतरल्या. मिस्त्री चौथ्यांदा मशीन उघडून बसले होते. पत्रा बंद करून उठेपर्यंत बाई थांबल्या.

"मला खेळू द्या," त्या म्हणाल्या.

"तू? किती वर्षं झाली हात लावून."

"बघू तरी."

पहिल्या दोन फेऱ्यांत बोटं चाचपडली. मग ओठ हलायला लागले. सात घरं सरळ, डावीकडे, दोन मोजून थांब. करडं मांजर कोपऱ्यावर आलं, एक क्षण घुटमळलं आणि उलट्या बाजूला निघून गेलं, चाळीस वर्षांपूर्वी जायचं तसंच. आठवी फेरी झाली, नववी झाली. दहाव्या फेरीला त्यांनी काडी सोडून दिली आणि उंदराला मरू दिलं.

मिस्त्रींचा चेहरा खुलला होता. "बघ, बसली की नाही स्प्रिंग? मी म्हणत होतो ना. आता चालतंय."

दुसऱ्या कुणाला घाम फुटला असता. हा माणूस दुरुस्ती पार पडली म्हणून खूश होता. बाईंनी काडी त्यांच्या हातात दिली. आज मात्र त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. मिस्त्रींच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे उजवीकडच्या तांबड्यावर खिळले होते. करडं डाव्या बोळातून निघालं, अर्धा बोळ आलं, पाऊण आलं. डोळे हलले नाहीत. आठव्या फेरीत उंदीर मेला.

"हे कुठून आलं?" मिस्त्री म्हणाले.

"अहो, ते आधीपासून तिथेच होतं."

"कुठे?"

"डावीकडे. ते कायम तिथूनच येतं. मशीनला काही झालेलं नाही. माझ्या हाताखाली हीच काडी होती."

मिस्त्रींनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांना राग आला होता. "म्हणजे मी आंधळा झालोय, असं म्हणायचंय तुला? वर चल. त्या नव्या गेममध्ये मी रोज लांडग्यांना लोळवतो. धुक्यातसुद्धा. परवा तेराव्या टप्प्यावर गेलो. डोळे गेले असते तर जमलं असतं? हे चार चौकोन दिसत नाहीत आणि ते धुक्यातले लांडगे दिसतात?"

ते खरंच जिंकत होते. बाईंनी स्वतः पाहिलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या मी तिला चालत शाळेत सोडते. तुम्ही जरा आराम करा." आणि वर येऊन मुलाला फोन लावला.

मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला. मिस्त्री भाजी आणायला गेले होते, पायी. बाईंनी चहा पुढे केला आणि सरळच विचारलं, "तो गेम त्यांना सोपं करून देतो ना? किती सोपं, ते तुला बघता येतं?"

"येतं की. आमच्याकडे सगळं उमटतं." त्याने दोन-चार ठिकाणी बोट फिरवलं आणि हसला. "आई, गंमत बघ. गेमनं बाबांना कुठल्या पायरीवर ठेवलंय? सगळ्यांत खालच्या. पहिली-दुसरीतल्या पोरांना ठेवतो तिथे. त्यांना सांगू नकोस हं, जेवण जाणार नाही."

"डावीकडून किती लांडगे येतात?"

"म्हणजे?"

"बघ तरी."

तो बघायला लागला. बघता बघता चहावर साय धरली. त्याचं हसू कधी गेलं ते त्यालाही कळलं नसेल.

"डावीकडून येतच नाहीत," तो म्हणाला. "बंद केलेत. सगळे उजवीकडून किंवा समोरून. एखादा डावीकडून आलाच तर आधी गुरगुरतो, मग थांबतो, यांची मान वळेपर्यंत."

"कधीपासून?"

"हळूहळू केलंय. सुरुवात..." त्याने पुन्हा पाहिलं. "आठ महिने झाले."

"आठ महिने त्याला ठाऊक होतं?"

"ठाऊक वगैरे नसतं गं त्याला. हा माणूस डावीकडून मार खातोय, वैतागून खेळ सोडून देईल, म्हणून डावी बाजू रिकामी करायची. इतकंच."

"आणि सांगायचं नाही."

"सांगितलं की खेळणाऱ्याला वाईट वाटतं." हे बोलून तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

बाईंची नजर टेबलावरच्या पेल्यावर गेली. मिस्त्रींचा पेला, त्यांनीच मघाशी भरून ठेवलेला, उजव्या हाताला. त्यांना बसवेना. त्या उठून उभ्या राहिल्या तर दारात मिस्त्री. हातात भाजीची पिशवी, किती वेळ उभे होते कोण जाणे.

"म्हणजे मी जिंकत नव्हतो," ते म्हणाले.

"बाबा, तसं नाही..."

"तू हरू देत नव्हतास." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. टेबलाच्या कडेला. पिशवी खाली पडली आणि बटाटे खोलीभर घरंगळत गेले. तिघंही ते उचलायला वाकले. डावीकडे गेलेले चार बटाटे तसेच राहिले आणि सगळे झाले असं समजून मिस्त्रींनी पिशवी बांधली. मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिघंही गेले. आधी एक तपासणी होती. अर्ध्या गोल घुमटासारखं पांढरं यंत्र, त्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, हातात बटण. तपासणी करणारी मुलगी समजावून सांगत होती, "काका, मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं. आजूबाजूला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. डोळा फिरवायचा नाही. आणि सगळे ठिपके दिसले नाहीत तर घाबरू नका. ते अंधुक होत जातात, निम्मे तर कुणालाच दिसत नाहीत."

"हा तर आमच्याच धंद्यातला प्रकार," मिस्त्री म्हणाले. बऱ्याच दिवसांनी बाईंनी त्यांना जरा खुशीत पाहिलं. "किती फेऱ्या?"

"एका डोळ्याची एक."

मुलीच्या मागे एक खुर्ची होती, तिथे बाई बसल्या. मुलीपुढच्या छोट्या पडद्यावर ठिपका कुठे चमकतोय ते दिसत होतं. उजव्या डोळ्याची फेरी आधी. ठिपका उजवीकडे, टक. वर, टक. खाली, टक. ठिपका डावीकडे, नाकाच्या बाजूला. काही नाही. तोच ठिपका पुन्हा, आता जास्त ठळक. काही नाही. उजवीकडे, टक. बाईंनी दोन्ही हात मांडीत घट्ट धरले होते.

मग पट्टी दुसऱ्या डोळ्यावर गेली. डाव्या डोळ्याची फेरी सुरू झाली आणि खोलीत शांतता पसरली. पडद्यावर ठिपके लागत होते, विझत होते, पुन्हा दुप्पट उजेडाने लागत होते. मधेच कुठेतरी एक टक. मग पुन्हा काही नाही. बाहेर कुणीतरी चपला घासत गेलं ते ऐकू आलं.

बऱ्याच वेळाने मिस्त्री हनुवटी न हलवता म्हणाले, "पोरी, सुरू कर की आता."

मुलीने क्षणभर बाईंकडे पाहिलं. "संपत आलं, काका," ती म्हणाली.

डॉक्टर बाई मोजकंच बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दाब मोजला, आत उजेड टाकून पाहिलं आणि दोन छापील कागद पुढे ठेवले. दोन गोल, जिथे दिसत नाही तिथे काळं. डाव्या डोळ्याचा गोल जवळजवळ सगळाच काळा, मधे नाण्याएवढी पांढरी जागा. उजव्याला नाकाकडून काळं आत शिरलेलं.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "दुखत नाही, डोळा लाल होत नाही, म्हणून कुणी येत नाही. बरीच वर्षं चाललंय हे."

"पण मला काळं कुठेच दिसत नाही," मिस्त्री कागदावर बोट ठेवून म्हणाले. "इथे जर असं काळं असेल तर मला ते दिसायला नको?"

"नाही. मेंदू रिकामी जागा आपल्या मनाने भरून टाकतो. तुम्हाला भोक दिसणार नाही. रस्ता मोकळा दिसेल."

रस्ता मोकळा होता, हे वाक्य त्या घरात सगळ्यांनी ऐकलं होतं.

"गेलं ते परत येणार नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "उजव्याचं उरलंय ते राखायचं. दिवसातून दोनदा थेंब, एकही चुकवायचा नाही. गरज पडली तर ऑपरेशन. आणि गाडी आजपासून बंद."

"नातीला शाळेत..." मिस्त्रींनी वाक्य अर्धवट सोडलं. खिशातून स्कूटरची किल्ली काढली, थोडा वेळ तळहातावर ठेवली आणि बायकोच्या पर्समध्ये टाकून दिली. मग बारीक आवाजात म्हणाले, "ती रोज पुढे उभी असायची. डाव्या हाताला."

बाईंनी त्यांचा हात धरला.

डॉक्टर काहीतरी लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना? भावंडांना?"

"वडील शेवटी शेवटी भिंत धरून चालायचे. म्हातारपण म्हणून सोडून दिलं आम्ही."

"हे पुष्कळदा रक्तातून येतं. मुलं किती?"

"हा एकच."

डॉक्टरांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. "वय?"

"अडतीस. मला काही त्रास नाही, डॉक्टर. दिवसभर स्क्रीनसमोर असतो, सगळं व्यवस्थित दिसतं."

"वडीलही हेच सांगत होते. मशीन आत्ता मोकळं आहे, बसून घ्या."

तो हसला, घड्याळाकडे पाहिलं आणि गेला. दारातला कापडी पडदा अर्धाच ओढलेला राहिला. मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसले, बाई त्यांच्या उजव्या हाताला. मिस्त्रींच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, समोरचं सगळं त्यांना धूसर होतं. पण कान शाबूत होते, आणि चाळीस वर्षं बटणांचे आवाज ऐकून त्यांना खेळणारा कसा चाललाय हे पाठ फिरवूनही कळायचं. ते मान खाली घालून ऐकायला लागले.

टक. टक. टक.

"छान लय आहे," ते म्हणाले. "हात चपळ आहे पोराचा."

टक. टक. मग काही नाही.

"थांबला," मिस्त्री म्हणाले. बाईंनी स्वतःला आठवण करून दिली. निम्मे तर कुणालाच दिसत नाहीत, त्या मुलीने सांगितलं होतं. टक. टक. टक. पुन्हा थांबला.

"तुला दिसतंय का तिथून, तिच्या पडद्यावर?"

पडद्याच्या फटीतून बाईंना सगळं दिसत होतं. ठिपका नाकाकडच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात लागला होता. विझला. बाकीचे होऊन पुन्हा तिथेच लागला, ठळक. विझला. बाईंच्या जिभेवर 'नाही' हा शब्द आला होता. पेला सरकवावा तितकं ते सोपं होतं, आणि शेजारच्या माणसाला निदान घरी पोहोचेपर्यंतची शांतता मिळाली असती.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "खालच्या कोपऱ्यात लागतोय. दोनदा लागला. दोन्ही वेळा त्यानं बटण दाबलं नाही."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "डोळा कुठला?"

"डावा."

आत मुलगा पाठमोरा, ताठ बसला होता, अंगठा बटणावर तयार ठेवून. ठिपका वर लागला, टक. उजवीकडे लागला, टक. मग खालच्या कोपऱ्यात तिसऱ्यांदा लागला, पहिल्या दोन वेळांपेक्षा खूप मोठा उजेड करून, आणि बाई मोजायला लागल्या.